सेट खरा झाला आणि कॅमेरा हलला

१९१४ सालच्या ‘काबिरिया’ या इटालियन मूकपटात कार्थेज या प्राचीन शहराच्या राजवाड्यातली दालनं दिसतात. जाडजूड खांब, पायऱ्या, मागे आणखी एक दालन. माणसं आपापल्या जागी उभी आहेत, आणि मधेच कॅमेरा तिरका पुढे सरकायला लागतो. वेग इतका कमी, की काही होतंय हे आधी कळतच नाही. मग जवळचा खांब हळूहळू बाजूला जातो, त्याच्या आडची जागा दिसू लागते, मागची भिंत मात्र जवळपास जागच्या जागीच राहते. बस, एवढंच.

आज लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा कॅमेरा असा दर मिनिटाला सरकतो, त्यामुळे यात विशेष काय असं वाटणं साहजिक आहे. पण त्या वेळी अमेरिकेतल्या सिनेमावाल्यांनी हे पाहिलं आणि या सरकण्याला ‘काबिरिया मूव्हमेंट’ असं नावच पाडलं.

१९०५ ते १९१४ या काळात इटलीत जे ऐतिहासिक-पौराणिक महापट निघाले, त्यांच्याबद्दल बोलताना लोक हत्ती मोजतात, माणसं मोजतात, सेटची उंची सांगतात. भव्यता होतीच, ती नाकारायचं कारण नाही. मला मात्र त्यातली खरी गंमत दुसरीकडे दिसते. एवढं मोठं काही करायला गेलं की अडचणीही मोठ्या येतात, आणि त्या निस्तरताना या मंडळींनी सिनेमाची लांबी, सिनेमातली जागा, सिनेमा दाखवण्याचं ठिकाण आणि तिकिटाचा दर, सगळंच बदलून टाकलं.

आधी कसं होतं

१९०५च्या आसपासचा सिनेमा म्हणजे साधारण एक रीळ. एका रिळात सुमारे ३०० मीटर फिल्म, म्हणजे फार तर पंधरा मिनिटांचा खेळ. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवलेला, नटमंडळी समोर डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी, आणि पाठीमागे रंगवलेला पडदा. आपल्या संगीत नाटकात जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा असे ठरलेले पडदे असायचे आणि प्रेक्षक आपल्या खुर्चीवरून तेच पाहायचा. तसाच प्रकार, फक्त प्रेक्षकाच्या जागी कॅमेरा.

कॅमेरा अजिबात हलतच नव्हता असं नाही. ल्युमिएर बंधूंच्या प्रोमिओ नावाच्या छायाचित्रकाराने १८९६ मध्येच व्हेनिसच्या गोंडोलात बसून चित्रण केलं होतं. आगगाडीच्या पुढे कॅमेरा लावून काढलेल्या फिल्मही होत्या. पण तिथे हलायची ती बोट किंवा गाडी, कॅमेरा तिच्यावरचा प्रवासी. गोष्ट सांगताना, दालनाच्या आत, कथेच्या गरजेपोटी कॅमेऱ्याने जागा सोडणं तुरळक होतं. त्याचं एक अगदी व्यावहारिक कारण होतं. रंगवलेल्या पडद्यासमोर कॅमेरा बाजूला सरकवला, की पडद्यावरचा खांब आणि त्याच्यामागची भिंत दोन्ही एकत्रच सरकतात. खऱ्या जागेत तसं होत नाही, जवळची वस्तू भरभर सरकते, लांबची सावकाश. म्हणजे कॅमेरा हलला की पडद्याचं बिंग फुटलं. जोवर मागे कापड होतं, तोवर कॅमेऱ्याला एका जागी बसून राहणं भाग होतं.

इटलीच का

इटलीचा पहिला नाव घेण्याजोगा कथापट १९०५चा, फिलोतेओ आल्बेरिनी यांचा ‘ला प्रेसा दि रोमा’. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने पोर्ता पिया या वेशीपाशी तटाला भगदाड पाडून रोम ताब्यात घेतलं, तो प्रसंग. पस्तीस वर्षांनी त्याच तारखेला, त्याच वेशीपाशी, उघड्यावर हा सिनेमा दाखवला गेला. पहिल्याच पावलाला विषय राष्ट्राचा आणि इतिहासाचा, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. देश एकत्र येऊन उणीपुरी पन्नास वर्षंही झाली नव्हती. पिएमाँतचा शेतकरी आणि सिसिलीचा कोळी यांना एकमेकांची बोली धड कळत नव्हती. दोघांना जोडणारं काय, तर रोम. जुनं, वैभवाचं, पुस्तकातलं रोम.

पुढच्या काही वर्षांत रोममध्ये चिनेस, तोरिनोत (म्हणजे ट्युरिनमध्ये) आम्ब्रोझियो आणि इताला, मिलानमध्ये मिलानो फिल्म्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या. ऊन भरपूर, मजूर स्वस्त, ऑपेराच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या नेपथ्य करत आलेले सुतार, रंगारी आणि शिंपी हाताशी. मिलानो फिल्म्समध्ये तर उमरावांचा पैसा होता. त्यांना सिनेमातून नफा हवाच होता, पण त्याहून जास्त हवी होती प्रतिष्ठा. जत्रेतल्या तंबूत दाखवायची चीज काढायला हे लोक उतरले नव्हते.

आम्ब्रोझियोने १९०८ मध्येच ‘पॉम्पेचे अखेरचे दिवस’ काढला होता. ज्वालामुखी, पळापळ, कोसळती घरं. लोकांना तो इतका आवडला की पुढे १९१३ मध्ये आम्ब्रोझियो आणि पास्क्वाली या तोरिनोतल्याच दोन कंपन्यांनी एकाच कादंबरीवरून एकाच वेळी पुन्हा सिनेमे काढले आणि आपलाच आधी लागावा म्हणून शर्यत लावली. एकाच विषयावर दोन सिनेमे एकदम लागण्याचा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

तासाभराचा नरक

लांबीचा प्रश्न आधी सुटला, आणि तो सोडवला मध्ययुगीन इटालियन कवी दांतेने. मिलानो फिल्म्सने ‘लिन्फेर्नो’ हा दांतेच्या नरकवर्णनावरचा सिनेमा १९११ मध्ये नेपल्सच्या मेर्कादान्ते नाट्यगृहात पहिल्यांदा दाखवला. बेर्तोलिनी, पादोव्हान आणि दे लिगुओरो असे तीन दिग्दर्शक, आणि लांबी तासाभराहून जास्त. इटलीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून याच्याकडे बोट दाखवलं जातं.

दृश्यांची आखणी ग्युस्ताव दोरेच्या प्रसिद्ध चित्रांवरून केलेली. स्वतःचंच तोडलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून चालणारा कवी, वाऱ्यावर भरकटत जाणारे प्रेमिक, तोंडात माणसं चघळत बसलेला राक्षसी ल्युसिफर, हे सगळं दुहेरी चित्रण, तारा आणि काळ्या पडद्यांच्या करामतींतून उभं केलेलं आहे. आज पाहताना काही ठिकाणी हसू येतं आणि काही ठिकाणी अजिबात येत नाही. कॅमेरा मात्र एका जागी. चित्रांचा अल्बम उलटत बसल्यासारखा हा सिनेमा आहे, आणि हा त्याचा दोष आहे असं मला वाटत नाही, कारण दांतेचं काव्यही असंच एकेका वर्तुळातून खाली उतरत जातं.

महत्त्वाचं हे, की प्रेक्षक तासभर बसला. एका रिळापेक्षा जास्त लोक पाहणार नाहीत, अशी धंद्यातली पक्की समजूत होती, विशेषतः अमेरिकेत, जिथे निकेलोडियन म्हणवणाऱ्या, पाच सेंट तिकिटाच्या छोट्या थिएटरांत दर तासाला नवा प्रेक्षक भरला तरच मालकाचं गणित जुळायचं. लांब सिनेमा म्हणजे त्या गणिताच्या मुळावरच घाव.

रोम जळतं, ब्रॉडवे उघडतो

तो घाव पुरता बसला १९१३ मध्ये, ‘क्वो वादिस’ने. पोलिश लेखक सिएनकिएविच यांची रोमन सम्राट नीरोच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांवरची कादंबरी, कंपनी चिनेस, दिग्दर्शक एन्रिको ग्वाझ्झोनी. ग्वाझ्झोनी मूळचे चित्रकार, आणि ते जाणवतं. आखाड्यातलं एक दृश्य त्यांनी जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रावरून जसंच्या तसं मांडलं आहे: खाली पाडलेला प्रतिस्पर्धी, त्याच्यावर पाय देऊन उभा ग्लॅडिएटर, आणि वर अंगठा खाली करून ‘मारा’ म्हणणारे प्रेक्षक. ज्यांनी ते चित्र छापील प्रतींत पाहिलं होतं, त्यांना ते हलताना दिसलं. या सिनेमात सिंह खरे होते, रथ खरे होते, आणि रिंगणही कापडावरचं नव्हतं.

अमेरिकेत जॉर्ज क्लाइन नावाच्या वितरकाने तो घेतला आणि एप्रिल १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या अ‍ॅस्टर थिएटरात लावला. हे नाटकाचं थिएटर होतं. जिथे सिनेमाला पाच-दहा सेंटांपलीकडे कोणी देत नव्हतं, तिथे लोक एक डॉलर मोजून, नाटकाला जावं तसे कपडे करून आले, आणि खेळ कित्येक महिने चालला. लंडनमध्ये तो रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्यासमोर दाखवला गेला. सिनेमा हा सभ्य माणसाने संध्याकाळ घालवण्याचा प्रकार ठरला, तो अशाच खेळांमुळे.

योगायोग असा, की त्याच एप्रिल महिन्यात मुंबईत ऑलिम्पिया थिएटरात दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ निमंत्रितांना दाखवला, आणि ३ मे रोजी तो कॉरोनेशनमध्ये लागला. या दोन सिनेमांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आपल्या पुराणांतली, आपल्या इतिहासातली माणसं पडद्यावर चालती-बोलती पाहायची, ही भूक नीरोच्या गावात आणि गिरगावात एकाच वेळी जागी झाली होती, एवढं नक्की.

हिशेबनीस दिग्दर्शक

आता ‘काबिरिया’कडे येऊ. दिग्दर्शक जोव्हान्नी पास्त्रोने, जन्म १८८३, शिक्षणाने हिशेबनीस. तोरिनोच्या कंपनीत खातेवह्या सांभाळायला आले आणि काही वर्षांतच इताला फिल्म कंपनीच चालवू लागले. १९११ मध्ये त्यांनी बोर्ग्नेत्तो यांच्या जोडीने ‘ट्रॉयचा पाडाव’ काढला होता, लाकडी घोडा वगैरे सगळ्या थाटासह. ‘काबिरिया’ हा त्याचा कैक पटींनी मोठा भाऊ.

कथा ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली, रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या वेळची. सिसिलीत एटना ज्वालामुखी फुटतो, त्या धांदलीत काबिरिया ही लहान मुलगी आणि तिची दाई फिनिशियन चाच्यांच्या हाती लागतात आणि कार्थेजच्या बाजारात विकल्या जातात. तिथला मोलोख नावाचा देव मुलांचा बळी मागतो. फुल्व्हियो हा रोमन हेर आणि त्याचा धिप्पाड गुलाम माचिस्ते तिला सोडवायला जातात. मध्ये हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडतो, आर्किमिडीज आरशांनी ऊन एकवटून रोमन जहाजं पेटवतो, राणी सोफोनिस्बा विष घेते. गोष्ट धड सांगता येत नाही, कारण ती एक नाहीच, पाच-सहा आहेत. माझ्या मते पटकथा ही या सिनेमाची सगळ्यात कमकुवत बाजू. अर्ध्या वाटेवर काबिरिया कुठे आहे हेच आपण विसरतो.

पण मोलोखचं देऊळ एकदा पाहिलं की विसरणं शक्य नाही. देवळाचं दार म्हणजे एका तीन डोळ्यांच्या अक्राळविक्राळ चेहऱ्याचा उघडा जबडा, माणसं त्यातून मुंग्यांसारखी आत जातात. आत धुराने भरलेला अंधार, आणि मधोमध पंख पसरून बसलेली धातूसारखी दिसणारी प्रचंड मूर्ती. छातीवरचं झाकण खाली येतं, पुजारी एका मुलाला त्यावर ठेवतो, झाकण मिटतं, मूल आत घसरतं, आणि मूर्तीच्या तोंडातून ज्वाळा बाहेर पडतात. मग पुढचं मूल. यात एकही गोष्ट दाखवायची राहत नाही, आणि घाईही केलेली नाही. मूळ फिल्म रंगात बुडवून काढलेली असल्याने हे सगळं तांबड्या उजेडात घडतं. या प्रसंगासाठी पिझ्झेत्ती या संगीतकाराने ‘अग्नीची सिंफनी’ स्वतंत्रपणे रचली, गायक आणि वृंदगानासह. १८ एप्रिल १९१४ रोजी तोरिनोच्या व्हित्तोरिओ एमानुएले नाट्यगृहात पहिला खेळ झाला, तेव्हा ती प्रत्यक्ष वाजवली गेली. ती मूर्ती आजही तोरिनोच्या सिनेमा संग्रहालयात ठेवलेली आहे.

हे सेट लाकूड, प्लास्टर आणि लगद्यातून खरोखर उभे केलेले होते. आत शिरता येईल, खांबामागे लपता येईल, जिन्याने वर जाता येईल असे. आणि इथेच पास्त्रोने यांच्या ‘कारेल्लो’चा संबंध येतो. कारेल्लो म्हणजे चाकांवरचा गाडा, आपले लाइटमन आणि कॅमेरामन ज्याला ट्रॉली म्हणतात तीच. तिचं पेटंट त्यांनी १९१२ मध्ये घेतलं. कॅमेऱ्यामागे सेगुंदो दे शोमोन हा स्पॅनिश तंत्रज्ञ होता, पॅरिसला पाते कंपनीत जादूचे सिनेमे करून हात बसलेला. एटनाच्या उद्रेकाची करामत त्याची. विजेचे दिवे खालून किंवा बाजूने टाकून, परावर्तक लावून चेहऱ्यावर सावल्या पाडण्याचं कामही त्याने इथे फार समजून केलं आहे. त्या काळी बहुतेक सिनेमे काचेच्या छताखाली, मिळेल त्या उन्हात व्हायचे, हे लक्षात घ्या.

ट्रॉलीने दोन कामं साधली. पहिलं म्हणजे सेट खरा आहे याचा पुरावा. खांब सरकतो, भिंत थांबते, आणि प्रेक्षकाचा डोळा गुपचूप कबूल करतो की ही जागा खरी आहे. मला यात पास्त्रोने यांच्यातला हिशेबनीस दिसतो. एवढा खर्च केलाय तर तो पडद्यावर दिसला पाहिजे. दुसरं काम जास्त नाजूक. एवढ्या मोठ्या दालनात माणूस किडामुंगीएवढा होतो. अमेरिकेत यावर उपाय म्हणून शॉट तोडून थेट जवळचा शॉट घेत. इटालियन पद्धत अशी, की चौकट न तोडता नटांना पुढे-मागे, खांबाआड, जिन्यावर नाचवायचं आणि खोलीचा वापर करायचा. ट्रॉलीमुळे त्याच अखंड चौकटीत कॅमेरा सावकाश एका माणसापर्यंत पोचू शकला, किंवा एका माणसापासून मागे सरकत सगळा दरबार दाखवू शकला. कोणाकडे पाहायचं हे न ओरडता सांगण्याची ही युक्ती आहे.

माणसांचं आयोजनही पाहण्यासारखं. कार्थेजच्या तटावर फुल्व्हियोला चढायचंय, तर सैनिक ढाली डोक्यावर धरून एकमेकांच्या खांद्यावर चढत मनोरा रचतात आणि तो त्यावरून वर जातो. आपल्याकडच्या दहीहंडीवाल्यांनी हा शॉट जरूर पाहावा.

नाव एकाचं, काम दुसऱ्याचं

जाहिरातीत मात्र पास्त्रोने कुठेच नव्हते. सिनेमा विकला गेला गाब्रिएले दान्नुन्झियो यांच्या नावावर. हा त्या काळचा इटलीतला सगळ्यात प्रसिद्ध कवी, सावकारांना चुकवत फ्रान्समध्ये राहणारा. पास्त्रोने यांनी त्यांना ५०,००० लिरा देऊ केले आणि बदल्यात मागितलं फारच थोडं: पडद्यावरच्या पाट्यांचा मजकूर, पात्रांची नावं आणि सही. कवीने पाट्या अशा जड, अलंकारिक भाषेत लिहिल्या की वाचताना धाप लागते. ‘काबिरिया’ आणि ‘माचिस्ते’ ही नावं त्यांचीच. बाकी सिनेमा जवळपास पास्त्रोने यांनी केला, पण लोकांना वाटत राहिलं की दान्नुन्झियोंनी सिनेमा लिहिलाय, आणि त्यासाठीच सुशिक्षित मंडळी थिएटरात आली. लबाडी म्हणा किंवा धंद्याची हुशारी, योजना लागू पडली.

खरा लाभ झाला तो बार्तोलोमेओ पागानो यांचा. जेनोवाच्या गोदीत ओझी वाहणारा हा माणूस, अभिनयाचा अनुभव शून्य. माचिस्तेच्या भूमिकेत लोखंडी गज वाकवतो, जात्याला बांधलेला असताना साखळ्या तोडतो, आणि नायकाला पार झाकून टाकतो. लोकांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं की पुढच्याच वर्षी ‘माचिस्ते’ नावाचा स्वतंत्र सिनेमा निघाला. त्यात संकटात सापडलेली एक मुलगी थिएटरात ‘काबिरिया’ पाहते आणि पडद्यावरच्या या पैलवानाला मदतीसाठी गाठते. म्हणजे पात्र आणि नट यांच्यातली रेघ पुसून टाकणारा सिनेमा, १९१५ सालातला. एक गोष्ट मात्र खटकते. ‘काबिरिया’त माचिस्ते आफ्रिकन आहे आणि पागानो अंगाला काळा रंग फासून वावरतात. नंतरच्या सिनेमांत तोच माचिस्ते, काही खुलासा न करता, गोरा इटालियन होतो. प्रिय झालेला नायक काळा राहणं त्या वेळच्या इटलीला पचलं नसावं.

हे नुसतं रंगभूषेपुरतं नाही. इटलीने १९११-१२ मध्ये तुर्कांशी लढून लिबिया घेतला होता. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, मुलं जाळणारं रानटी कार्थेज आणि त्याला धडा शिकवणारं रोम, हे चित्र अशा वेळी निरागस राहत नाही.

हे सगळं कुठे कुठे गेलं

सगळ्यात ठळक वारस म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. इटालियन महापट अमेरिकेत धुमाकूळ घालत असताना हा माणूस बायोग्राफ कंपनीत एक-एक रिळाचे सिनेमे काढत होता आणि लांब सिनेमा करू द्या म्हणून भांडत होता. १९१३ मध्ये चार रिळांचा ‘जुडिथ ऑफ बेथुलिया’ काढून तो कंपनी सोडूनच गेला. ‘काबिरिया’ जून १९१४ मध्ये न्यूयॉर्कला लागला, आणि १९१६ मध्ये ग्रिफिथचा ‘इन्टॉलरन्स’ आला. त्यातल्या बॅबिलोनच्या सेटवर उंच खांबांवर सोंड उंचावून बसलेले हत्ती आहेत. बॅबिलोनच्या इतिहासात अशा हत्तींना आधार शोधूनही सापडेना, पण ग्रिफिथला ते हवेच होते. हे हत्ती आले कुठून, तर तोरिनोहून. तो सेट दाखवायला त्याने रुळांवर चालणारा मनोरा बांधला आणि कॅमेरा वरून खाली, लांबून जवळ आणला.

पण ग्रिफिथने नुसती नक्कल केली नाही. इटालियनांकडे जागा होती, त्याच्याकडे कात्री होती. चार वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एकमेकींत गुंफून, शेवटाकडे वेग वाढवत नेणारं संकलन हे त्याचं स्वतःचं. आजचा भव्य सिनेमा या दोघांच्या मिश्रणातून आलेला आहे: अवाढव्य जागा तोरिनोची, त्या जागेतली धावपळ ग्रिफिथची.

जर्मनीत १९२७ मध्ये फ्रित्स लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये अवजड यंत्राचा जबडा होतो, कामगार रांगेने त्यात चढतात, आणि पडद्यावर शब्द उमटतो, ‘मोलोख!’. देवळाचा कारखाना झाला, एवढाच काय तो फरक. हॉलीवूडने १९२०च्या दशकात ‘बेन-हर’ काढायला घेतला तेव्हा युनिट आधी इटलीलाच गेलं. आणि पन्नास-साठच्या दशकांत इटलीत पुन्हा हर्क्युलिस, माचिस्ते अशा पैलवानी सिनेमांची लाट आली, ज्यात पुढे काउबॉयपटांमुळे गाजलेल्या सर्जिओ लिओनेने उमेदवारी केली. इटालियन दिग्दर्शक फेलिनी तर लहानपणी पाहिलेल्या ‘माचिस्ते नरकात’ची आठवण आयुष्यभर सांगत राहिला.

सिनेमाबाहेरचा एक परिणाम मात्र अंगावर काटा आणणारा आहे. उजवा हात पुढे ताठ करून केलेला ‘रोमन सलाम’ प्राचीन रोममध्ये होता असं सांगणारा ठोस पुरावा नाही. तो अठराव्या शतकातल्या चित्रांतून, मग रंगभूमीवरून आणि मग या महापटांतून पसरला. ‘काबिरिया’तही तो आहे. १९१९ मध्ये दान्नुन्झियोंनी आपले सैनिक घेऊन फ्यूमे शहर बळकावलं तेव्हा तिथे हाच सलाम चालला, तिथून तो मुसोलिनीच्या लोकांनी उचलला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे इटलीचा थेट धागा आला तो कोलकात्याच्या मादन कंपनीमार्फत. मुंबईत जन्मलेल्या जमशेदजी मादन यांच्या या कंपनीने १९२०च्या सुमारास युजेनिओ दे लिगुओरो हा इटालियन दिग्दर्शक आणला. त्याने ‘नल दमयंती’ आणि ‘ध्रुव चरित्र’ असे पौराणिकपट केले. पुढे तर रोमच्या चिनेस कंपनीने जोर्जो मान्निनी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सावित्री’ काढला, त्यात सावित्री झाली होती रिना दे लिगुओरो. यमाच्या दारात उभी राहिलेली इटालियन सावित्री. फाळके किंवा बाबूराव पेंटर यांच्या कामावर इटलीचा ठसा शोधण्याचा मोह मात्र आवरलेला बरा, त्यांची मुळं इथल्याच चित्रकलेत आणि रंगभूमीत आहेत.

मग थांबलं का

पहिलं महायुद्ध. मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली, माणसं आघाडीवर गेली, परदेशी बाजार तुटले, आणि त्या मोकळ्या जागेत अमेरिकन सिनेमा शिरला. युद्धानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक महासंघ काढला, पण त्यांनी काय केलं, तर १९२४ मध्ये पुन्हा एकदा ‘क्वो वादिस’. दहा वर्षांपूर्वी जे नवं होतं त्याच्यावर पुन्हा पैसा लावला आणि तो बुडवला. पास्त्रोने यांनी त्याआधीच सिनेमा सोडून दिला होता. १९३१ मध्ये त्यांनी ‘काबिरिया’ची ध्वनीसह, काटछाट केलेली आवृत्ती काढली. पुढची कित्येक वर्षं लोक याच कापलेल्या प्रतीला ‘काबिरिया’ समजत होते. २००६ मध्ये तोरिनोच्या संग्रहालयाने पुष्कळशी मूळ रूपातली, रंगवलेली, सुमारे तीन तासांची प्रत तयार केली.

पाहायचा विचार असेल तर हीच प्रत शोधा. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रती जुन्या, काळ्या-पांढऱ्या आणि जोरात पळवलेल्या आहेत. मूकपट कमी वेगाने चित्रित व्हायचे, आजच्या वेगाने लावले की ट्रॉलीचं ते मंद सरकणं हिसका मारल्यासारखं दिसतं आणि सगळीच मजा जाते. तीन तास बसायची तयारी नसेल तर एटनाच्या उद्रेकापासून मोलोखच्या देवळातून सुटकेपर्यंतचा भाग पाहा, तो सुरुवातीलाच आहे. पाट्या मन लावून वाचायची गरज नाही.